चागास: तीस वर्षे उशिरा कळणारा हृदयविकार

ईसीजीच्या पट्टीवर हृदयाचा उजवा विद्युत्‌मार्ग बंद पडलेला आणि डाव्या मार्गाची पुढची फांदीही निकामी झालेली, अशी जोडी चाळिशीतल्या माणसात दिसली, तर पुण्या-नाशिकचा डॉक्टर आधी रक्तदाब, मधुमेह आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या यांची चौकशी करतो. हीच पट्टी ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात किंवा बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात डॉक्टरच्या हाती पडली, तर त्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो. लहानपणी तुम्ही कसल्या घरात राहत होतात, भिंती मातीच्या होत्या का, असे तो विचारतो.

त्या प्रश्नामागे चागास रोग असतो, म्हणजे मातीच्या भिंतींत लपणाऱ्या एका किड्यामार्फत माणसात शिरणाऱ्या परजीवीचा रोग. (गोव्याकडचे वाचक ‘शागास’ म्हणतील आणि पोर्तुगीज उच्चार तोच आहे, पण आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत ‘चागास’ रूढ झाले आहे, म्हणून मीही तेच ठेवतो.) आपल्याकडे हा रोग नाही, त्यामुळे एमबीबीएसच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला तो अर्ध्या पानापुरता येतो. मी मेडिसिन शिकवतो आणि माझ्या मते तो याहून अधिक जागेला पात्र आहे. लागण बालपणी होते आणि हृदय पन्नाशीच्या आसपास हार खाते. मधल्या काळात रुग्ण स्वतःला निरोगी समजत असतो. मग उपचार कोणावर करायचा आणि कधी, हा प्रश्न या रोगात जितक्या उघडपणे समोर येतो, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या हृदयविकारात येतो. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडतात तेव्हाही असेच वर्षांचे अंतर पडते आणि ते आपण भारतात रोज पाहतो, पण तिथे निदान घसादुखीला पेनिसिलिन द्यावे, हे तरी सर्वांना मान्य आहे.

परजीवींमुळे हृदयाचा स्नायू बिघडण्याची इतरही उदाहरणे आहेत. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून ट्रिकिनेला हा कृमी शरीरात गेला, तर हृदयाच्या स्नायूला काही आठवडे सूज येते. कुत्र्यांच्या फीतकृमीमुळे होणारी हायडॅटिडची पाणगाठ यकृतात आणि फुप्फुसात नेहमीची, हृदयात दुर्मीळ. आफ्रिकेतल्या निद्रारोगातही हृदयाला झळ पोहोचते, पण रुग्णाचा घात बहुधा मेंदूमुळे होतो. लाखो माणसांच्या हृदयाचा स्नायू कायमचा निकामी करणारा परजीवी मात्र एकच आहे, तो म्हणजे ट्रिपॅनोसोमा क्रूझी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ७० लाख लोकांना त्याची लागण झालेली आहे, दरवर्षी १० हजारांहून अधिक माणसे त्याने दगावतात आणि लॅटिन अमेरिकेतल्या २१ देशांत तो ठाण मांडून आहे.

या परजीवीचा शोध ज्या रीतीने लागला, ती रीत वैद्यकाच्या इतिहासात उलटी म्हणावी लागेल. १९०७ साली मिनास जेराइसमध्ये रेल्वेमार्ग टाकण्याचे काम मलेरियाने अडले होते. रिओ द जानेरोच्या मांगिन्योस येथील संस्थेचे प्रमुख ओस्वाल्दो क्रूझ यांनी कार्लोस चागास या तिशीही न गाठलेल्या डॉक्टरला तिथे पाठवले. लासान्स या गावी चागास यांनी रेल्वेच्या एका डब्यातच मुक्काम ठोकला. झोपण्याची जागा तीच आणि सूक्ष्मदर्शक मांडण्याची जागाही तीच. रात्री झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याला चावणाऱ्या एका रक्तपिपासू किड्याकडे त्यांचे लक्ष एका रेल्वे अभियंत्याने वेधले. लोक त्याला बार्बेइरो, म्हणजे न्हावी, म्हणत. चागास यांनी किड्याचे आतडे उघडून पाहिले, तेव्हा त्यात शेपटीसारख्या तंतूने वळवळणारे आदिजीव दिसले. त्यांनी असे किडे मांगिन्योसला पाठवले. तिथल्या छोट्या माकडांना ते चावल्यावर माकडांच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा या गटातला एक नवाच आदिजीव सापडला आणि चागास यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून त्याला क्रूझी म्हटले. म्हणजे किडा सापडला होता आणि जंतूही सापडला होता. ज्याचा तो जंतू होता, तो माणसाचा रोग तेवढा सापडायचा होता.

चागास लासान्सला परतले आणि किड्यांनी भरलेल्या घरांतली माणसे व जनावरे तपासू लागले. आधी एका मांजरीच्या रक्तात जंतू मिळाला. पुढे १४ एप्रिल १९०९ रोजी तापाने फणफणलेल्या बेरेनिस नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात तो दिसला. आज १४ एप्रिल हा जागतिक चागास दिन म्हणून पाळला जातो, तो यामुळे. बेरेनिसची गोष्ट तिथे संपत नाही आणि मला तीच सर्वांत बोधक वाटते. ती सत्तरी ओलांडून जगली, म्हातारपणीही तिच्या शरीरात तोच जंतू सापडला आणि तिच्या हृदयाला त्याने काही केले नाही. लागण झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचेच हृदय बिघडते आणि दहांतल्या एकापर्यंत लोकांची अन्ननलिका किंवा मोठे आतडे फुगते. उरलेले आयुष्यभर जंतू बाळगतात आणि दुसऱ्याच कारणाने जातात. कोणाचे हृदय बिघडणार, हे आधी सांगणारी खात्रीची चाचणी आजही डॉक्टरच्या हाती नाही.

चागास यांची एक चूक मात्र रोगालाच महाग पडली. मिनास जेराइसमध्ये गलगंड घरोघरी होता आणि त्यांनी तो याच जंतूच्या माथी मारला. मिठातून आयोडीन न मिळाल्याने होणारा गलगंड आणि हा रोग एकाच गावात नांदत असल्यामुळे झालेला हा घोळ होता. १९२२च्या सुमारास ब्राझीलच्या राष्ट्रीय वैद्यक अकादमीत यावरून त्यांच्यावर जाहीर हल्ले झाले, आणि गलगंडाचे विधान ढासळले तसा रोगच काल्पनिक असावा, असा समज पसरला. त्यातली हृदयाची बाजू चागास यांनी अचूक टिपली होती: अनियमित नाडी, तरुणांचे अचानक मृत्यू, पायांवर सूज. पण ती त्या वादात झाकोळली. १९३४ साली ते गेले. त्यानंतर अर्जेंटिनात साल्वादोर मात्सा आणि सेसिलिओ रोमान्या यांनी रुग्णांमागून रुग्ण दाखवून दिले, आणि १९४०च्या दशकात ब्राझीलच्या बांबुई गावात एमॅन्युएल दियास, फ्रान्सिस्को लारांजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांचे पद्धतशीर ईसीजी काढले, तेव्हा कुठे ‘चागास हृदयविकार’ ही गोष्ट सर्वमान्य झाली.

आता त्या किड्याविषयी. तो ढेकणाच्याच गणातला, पण पुष्कळ मोठा. ट्रायटोमा इन्फेस्टन्स ही त्यातली सर्वांत कुप्रसिद्ध जात अडीच-तीन सेंटिमीटर भरते. अंड्यातून निघाल्यावर तो पाच वेळा कात टाकतो आणि प्रत्येक अवस्थेत त्याला रक्त लागते, नरालाही आणि मादीलाही. दिवसा तो भिंतीच्या भेगांत, छपराच्या शाकारणीत, खाटेच्या सांध्यांत लपतो आणि रात्री उतरतो. त्याच्या लाळेत बधिर करणारा आणि रक्त गोठू न देणारा अंश असल्यामुळे माणूस जागा होत नाही. किडा दहा-वीस मिनिटे निवांत पितो आणि मूळ वजनाच्या कितीतरी पट फुगतो. आपण मलेरियाच्या डासाची सवय झालेली माणसे, म्हणून जंतू सोंडेतून आत जात असणार असे गृहीत धरतो. तसे होत नाही. जंतू किड्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागात असतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. पिता पिताच किंवा पोट भरताच किडा त्वचेवर घाण करतो, झोपेतला माणूस खाजवतो, आणि ती ओली घाण चावलेल्या जागी किंवा डोळ्यात चोळली जाते. यामुळे किड्याच्या कोणत्या जातीपासून धोका किती, हे बरेचसे तिच्या हगण्याच्या वेळेवर अवलंबून असते. ट्रायटोमा इन्फेस्टन्स यजमानाच्या अंगावरच उरकून घेतो म्हणून तो घातक. उत्तर अमेरिकेतल्या काही जाती खाली उतरून मग घाण करतात, म्हणून त्या चावूनही लागण क्वचित होते.

किड्याला हवे तसे घर कोणते, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये. कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्यांचा कूड घालून वर शेणमातीचे लिंपण केलेली भिंत आपल्या कोकणात आणि मावळात पिढ्यान्‌पिढ्या होती. ब्राझीलमधल्या गरिबांचे घर याच पद्धतीचे. लिंपण वाळून तडकले की त्या भेगांत एकेका घरात शेकडो किडे राहू शकतात. त्यात घरातच कोंबड्या, कुत्री, मांजरे आणि अँडीज पर्वताच्या प्रदेशात तर स्वयंपाकघरात खाण्यासाठी पाळलेले गिनीपिग. कोंबडीला या जंतूची लागण होत नाही, पण तिच्या रक्तावर किड्यांची वसाहत पोसते. कुत्र्या-मांजरांना लागण होते आणि ती जंतूचे कोठार बनतात. चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावरील वाळवंटात सापडलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या ममींच्या शरीरातही या जंतूचा डीएनए मिळाला आहे, तेव्हा माणूस तिथे वस्ती करू लागल्यापासूनच हा सहवास चालू असावा.

लागण झाल्यावर पहिले काही आठवडे ताप, गाठी, कधी एका डोळ्याची न दुखणारी सूज. लहान मुलांत क्वचित हृदयाच्या स्नायूचा तीव्र दाह होऊन मूल दगावते. पण बहुतेकांच्या लक्षात काहीच येत नाही. रक्तातला जंतू पेशीत शिरला की आपली शेपटी टाकून गोल होतो, दुभंगत दुभंगत वाढतो आणि चार-पाच दिवसांत पेशी फोडून बाहेर पडतो. हृदयाच्या स्नायूची पेशी त्याच्या विशेष आवडीची. शरीराची प्रतिकारशक्ती त्याला आटोक्यात आणते, पण संपवत नाही. मग सुरू होतो तो दहा ते तीस वर्षांचा शांततेचा काळ. ईसीजी सरळ असतो, छातीचा एक्स-रे सरळ असतो, माणूस शेतात राबतो किंवा विटा वाहतो. आत मात्र स्नायूच्या धाग्यांमध्ये ठिकठिकाणी पांढऱ्या पेशींची लहान-लहान ठाणी बसलेली असतात. तिथे एकेक धागा मरतो आणि त्याच्या जागी आकुंचन न पावणारा तंतू भरतो. हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि त्याला सावरून धरणाऱ्या मज्जापेशीही या धुमश्चक्रीत जातात.

ही झीज सगळीकडे सारखी होत नाही. विद्युत्‌मार्ग लवकर सापडतात, म्हणून मी आरंभी सांगितलेली ईसीजीची जोडी. आणि डाव्या जवनिकेचे, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचे, टोक. हृदयाचे टोक हे त्याचे सर्वांत खालचे, निमुळते अग्र. चागासच्या रुग्णात तिथली भिंत पातळ होत होत बाहेर फुगते आणि तिचा छोटासा फुगा बनतो. ब्राझीलच्या विकृतिशास्त्राच्या वर्गात असे हृदय मागून दिवा धरून दाखवतात आणि टोकाच्या पडद्यातून उजेड आरपार दिसतो. त्या फुग्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की धडधाकट दिसणाऱ्या माणसाला पक्षाघात होतो. रोहिण्यांच्या आजारानेही हृदयाचा एखादा भाग फुगतो, पण तेव्हा त्याला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबलेली असते. इथे अँजिओग्राफीत वाहिन्या स्वच्छ दिसतात. चागासच्या हृदयविकाराने गेलेल्यांत निम्म्याहून अधिक जण अचानक जातात, बहुधा जवनिकांच्या बेबंद लयीमुळे. सुमारे पाव ते एक तृतीयांश हृदयाच्या पंपाने दम सोडल्यामुळे. उरलेले मुख्यतः गुठळीमुळे. हृदय निकामी होतानाही त्याची एक तऱ्हा असते: फुप्फुसात पाणी साचून रात्री धाप लागण्यापेक्षा पायांची सूज, यकृताची वाढ आणि पोटात पाणी हे अधिक ठळक दिसते.

मी असा रुग्ण प्रत्यक्ष पाहिला तो दक्षिण अमेरिकेत नव्हे, तर स्पेनमध्ये. तिथल्या एका रुग्णालयाच्या हृदयविभागात मी काही काळ निरीक्षक डॉक्टर म्हणून होतो. स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या बायकांत बोलिव्हियाहून आलेल्या पुष्कळ. त्यांतलीच एक पंचेचाळिशीची बाई जिना चढताना दोनदा चक्कर येऊन पडली म्हणून आली होती. नाडी मिनिटाला चाळीसच्या घरात, ईसीजीवर वरच्या कप्प्याचा खालच्याशी संबंध तुटलेला. इको करणाऱ्या डॉक्टरने तपासणीचा दांडा छातीवरून थोडा खाली सरकवला, टोकावर थांबला आणि मला बोटाने पडद्यावर दाखवले: सगळी भिंत आखडत होती आणि टोकाचा तेवढा भाग प्रत्येक ठोक्याला उलट बाहेर येत होता. पेसमेकर बसवावा लागेल, हे तिने शांतपणे ऐकून घेतले. तिच्या गावी पेसमेकरवाली माणसे तिने पाहिली होती. विंचुका (तिकडे या किड्याचे नाव हेच) तिला नावानिशी ठाऊक होता आणि आजोळच्या घरात रात्री छपरातून तो टपकन पडत असे, हेही तिने सांगितले. तिचे दोन प्रश्न होते आणि दोन्ही स्वतःविषयी नव्हते. स्पेनमध्ये जन्मलेल्या, कधीही बोलिव्हियाला न गेलेल्या तिच्या मुलीला हे असू शकते का? आणि असेल तर आत्ता औषध घेतले तर जाते का?

दोन्हींचे उत्तर ‘हो’ असे आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म या दोन उत्तरांत आहे. लागण झालेल्या आईकडून साधारण वीसांतल्या एका बाळाला गर्भातच जंतू मिळतो. बाळाला पहिल्या वर्षात औषध दिले तर दहांतली नऊ-दहा बाळे पूर्ण बरी होतात. शाळकरी मुलांतही यश बरेच मिळते. वय वाढत जाते तसे ते घटत जाते.

औषधे दोनच: निफुर्टिमॉक्स आणि बेंझनिडाझोल, दोन्ही अर्धशतकापूर्वीची. बेंझनिडाझोलचा रिवाज ६० दिवसांचा. प्रौढांत अंगावर पुरळ, हातापायांत मुंग्या, भूक मरणे या तक्रारींमुळे अनेकांना ते मध्येच सोडावे लागते. पण प्रौढांना ते देऊच नये, असे जे कित्येक दशके मानले गेले, त्याचे कारण हे त्रास नव्हते, तर एक सिद्धांत होता. जुन्या रुग्णाच्या हृदयात सूक्ष्मदर्शकाखाली दाह भरपूर दिसे आणि जंतू मात्र शोधूनही सापडत नसे. त्यावरून अनेक मोठ्या अभ्यासकांनी असे ठरवले की जंतू केव्हाच गेला आहे आणि शरीर स्वतःच्याच हृदयावर उलटले आहे. तसे असेल तर जंतुनाशक औषध देऊन काय साधणार? पुढे डीएनए शोधण्याची पीसीआर पद्धत आली आणि दाह असलेल्या त्याच ठिकाणी जंतूचे अंश मिळू लागले. जंतू असतो, थोडा असतो आणि तोच आग पेटती ठेवतो, हे आता बहुसंख्य अभ्यासक मानतात. स्वयंप्रतिकाराचा त्यात काही वाटा असेलही; पण एका अपुऱ्या सिद्धांतामुळे तरुण रुग्णांची एक पिढी औषधाविना राहिली, ही गोष्ट मला त्या सिद्धांताच्या खरेखोटेपणापेक्षा अधिक खटकते.

मग ज्यांचे हृदय आधीच बिघडले आहे, त्यांना हे औषध दिले तर? याचे उत्तर ‘बेनिफिट’ या चाचणीने २०१५ साली दिले. पाच देशांतले २,८५४ रुग्ण, सगळ्यांना चागासचा हृदयविकार झालेला. निम्म्यांना बेंझनिडाझोल, निम्म्यांना औषध नसलेल्या गोळ्या आणि सरासरी पाच वर्षांहून अधिक पाठपुरावा. रक्तातला जंतू औषधाने स्पष्टपणे घटला. हृदयाची घसरण मात्र थांबली नाही. दोन्ही गटांत मृत्यू, पेसमेकर, पक्षाघात, हृदय निकामी होणे यांत लक्षणीय फरक दिसला नाही. काहींनी यावरून औषध निरुपयोगी ठरवले. मी त्याचा अर्थ वेगळा लावतो. एकदा भिंतीच्या जागी तंतू भरला की जंतू मारून स्नायू परत येत नाही, आणि तेवढीच गोष्ट या चाचणीने सिद्ध केली. ज्यांचे हृदय अजून शाबूत आहे, अशांविषयी ती काहीच सांगत नाही, कारण ते तिच्यात नव्हतेच. त्या बोलिव्हियन बाईला पेसमेकर, हृदय निकामी होण्यावरची नेहमीची औषधे, गुठळी होऊ न देणारी गोळी, पुढेमागे लय सावरणारे यंत्र हेच उपयोगी; तिच्या मुलीला मात्र दोन महिन्यांच्या गोळ्या. आणि मुलीने त्या गरोदर राहण्याआधी घेतल्या, तर तिच्या बाळांना लागण होण्याचा धोका जवळजवळ नाहीसा होतो, हे अर्जेंटिनातल्या पाहण्यांत दिसून आले आहे. गरोदरपणात ही औषधे देत नाहीत, म्हणून वेळ गाठणे महत्त्वाचे. खर्चाचा विचार केला तर एका हृदयप्रत्यारोपणाच्या पैशांत किती मुलींच्या चाचण्या आणि गोळ्या होतील, याचा हिशेब कोणीही करावा. प्रत्यारोपण करू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. चागासच्या रुग्णांत ते इतरांइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, यशस्वी होते. फक्त प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे झोपलेला जंतू जागा होतो आणि त्यावर लक्ष ठेवावे लागते.

या औषधाची हेळसांडही सांगण्यासारखी आहे. रोश कंपनीने २००३ साली बेंझनिडाझोलचे हक्क ब्राझीलला देऊन टाकले आणि रेसिफे शहरातली लाफेपे ही एक सरकारी प्रयोगशाळा जगाची एकमेव पुरवठादार होऊन बसली. २०११ साली तिथले उत्पादन रखडले आणि अनेक देशांतले उपचार कार्यक्रम गोळ्यांअभावी थांबले. नंतर अर्जेंटिनात दुसरे उत्पादन सुरू झाले आणि २०१७ मध्ये अमेरिकेनेही २ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी या औषधाला मान्यता दिली.

खरे यश मिळाले ते दवाखान्याबाहेर. १९९१ साली अर्जेंटिना, बोलिव्हिया, ब्राझील, चिली, पॅराग्वे आणि उरुग्वे या सहा देशांनी मिळून घरोघरी फवारणी, भिंतींची दुरुस्ती आणि रक्तपेढ्यांत सक्तीची चाचणी असा कार्यक्रम हाती घेतला. १९९७ मध्ये उरुग्वे, १९९९ मध्ये चिली आणि २००६ मध्ये ब्राझील ट्रायटोमा इन्फेस्टन्सपासून होणाऱ्या प्रसारातून मुक्त घोषित झाले. बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाच्या ग्रान चाको प्रदेशात मात्र किडा कीटकनाशकाला दाद देईनासा झाला आणि तिथली लढाई रेंगाळली आहे. रक्तपेढ्यांचा आधीचा इतिहास तर चित्रविचित्र आहे. चाचण्या सर्रास होण्यापूर्वी साओ पावलोत दात्याच्या रक्तात जेन्शन व्हायोलेट मिसळून ते एक दिवस ठेवत. जंतू मरत, पण पिशवीतले रक्त जांभळे होई आणि ते चढवलेल्या रुग्णाच्या कातडीवरही जांभळी झाक येई. आपल्याकडे तोंड आले की लावायचे ते हेच जांभळे औषध.

किडा घरातून हटला तरी जंतू जंगलात आहेच आणि तो आता अन्नातून येतो. २००५ साली ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात रस्त्याकाठच्या एका टपरीवर उसाचा रस प्यायलेले प्रवासी आजारी पडले आणि काही दगावले. उसाबरोबर चरकात किडेही पिळले गेले होते. २००७ साली व्हेनेझुएलाच्या काराकास शहरात एका शाळेत पेरूच्या रसातून शंभराहून अधिक मुले व शिक्षक यांना लागण झाली. ॲमेझॉनच्या खोऱ्यात आसाई या ताडवर्गीय फळाच्या ताज्या रसातून असे उद्रेक वरचेवर होतात. तोंडावाटे एकदम पुष्कळ जंतू पोटात जात असल्यामुळे यात हृदयाचा दाह तीव्र असतो आणि तीस वर्षे थांबत नाही. आपल्या रसवंतीला यातला कोणताही धोका नाही, कारण आपल्याकडे हा जंतूच नाही.

जंतू नाही, पण किडा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. ट्रायटोमा रुब्रोफासियाटा ही जात जहाजांतल्या उंदरांबरोबर जगभरच्या बंदरांत पसरली आणि भारतातही ती आहे. लिंशकॉस्टिअस नावाची या कुळातली एक प्रजाती तर भारताबाहेर कुठे मिळतच नाही. महाराष्ट्राचा ट्रिपॅनोसोमाशी आलेला संबंध मात्र वेगळ्याच वाटेने आला. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी सापडला. गुरे, घोडे आणि उंट यांना सर्रा नावाचा रोग देणारा हा जंतू माणसाच्या रक्तात टिकत नाही, असे तोवर मानले जात असे. पुढच्या तपासात कळले की सर्वसाधारण माणसाच्या रक्तात जे एक जंतुनाशक प्रथिन असते, ते या माणसात जन्मतःच नव्हते. सुरामिन देऊन तो बरा झाला. त्याचे हृदय यात गुंतलेले नव्हते, तरीही मी ही घटना वर्गात आवर्जून सांगतो, कारण ‘आपल्याकडे हे नसते’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या तोंडी फार सहज बसते.

चागासशी प्रत्यक्ष गाठ पडण्याची शक्यता आहे ती अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना, आणि तीही अल्पच. टेक्सास, ॲरिझोना, कॅलिफोर्निया या राज्यांत किडा आहे, त्यात जंतूही आढळतो आणि टेक्सासमधले कुत्रे त्याने आजारी पडतात. घराला लागून रचलेली लाकडे, कुत्र्याचे घर आणि अंगणातला रात्रभर जळणारा दिवा या तिन्ही गोष्टी किड्याला आकर्षित करतात. तो सापडलाच तर हाताने चिरडू नये. हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून डबीत बंद करावा आणि ओळख पटवण्यासाठी स्थानिक आरोग्य खात्याला विचारावे. तिथे २००७ पासून रक्तदात्यांची चागाससाठी तपासणी होते आणि आजवर तिथे ज्यांना आपल्या लागणीचा पत्ता लागला, त्यांतल्या अनेकांना तो रक्तपेढीच्या पत्रातूनच लागला आहे. असे पत्र आले तर एकाच चाचणीवर भरवसा ठेवू नये. वेगळ्या पद्धतीची दुसरी अँटिबॉडी चाचणी करून घ्यावी, कारण एकट्या चाचणीचे निकाल फसवे असू शकतात. दोन्ही चाचण्या जुळल्या तर ईसीजी आणि इको करावेत, आईला लागण असेल तर मुलांची तपासणी करावी, आणि वय पन्नाशीच्या आत असून हृदय शाबूत असेल तर बेंझनिडाझोलविषयी डॉक्टरांशी लगेच बोलावे.